बेल्ट नवा, रोलर कुठला?

२००४ साली स्कोडाने भारतात ऑक्टाव्हिया आरएस आणली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, चार सिलिंडरांना मिळून वीस व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. युरोपात हीच गाडी १८० अश्वशक्तीची होती, आपल्याकडे ती थोडी आवरून आली. तरी त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर ती वेगळ्याच जातीची गाडी वाटायची, आणि आजही जुन्या वेगवान गाड्यांचे शौकीन जमले की आरएसचा विषय निघतोच. स्कोडाचा कारखाना तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला. भारतातल्या ऑक्टाव्हिया तिथेच जुळवल्या जात, त्यामुळे या गाडीशी आपलं नातं नुसतं गिऱ्हाइकाचं नाही.

आता वीस वर्षं उलटलीत. या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या, कधी पाचव्या मालकाकडे आहेत. सर्व्हिस बुक हरवलेलं असतं आणि मीटरवरच्या आकड्यावर शहाणा माणूस भरवसा ठेवत नाही. अशी गाडी घरी आणली की पहिला खर्च टायमिंग बेल्टचा, याबद्दल कुठल्याही दोन मेकॅनिकांत मतभेद नाहीत. मतभेद सुरू होतात ते रोलरपाशी. एक म्हणतो, रोलर चांगले दिसतायत, नुसता बेल्ट टाकू. दुसरा म्हणतो, अख्खं किट बदला. तिसऱ्याने कुठूनतरी निळा रंग दिलेले ॲल्युमिनियमचे ‘रेसिंग’ रोलर मागवलेले असतात आणि तो ते हौसेने सगळ्यांना दाखवत असतो.

या प्रकरणात आपल्याला या तिघांचाही न्याय करायचा आहे. माझा कौल आधीच सांगून टाकतो: दुसरा बरोबर आहे, पण ‘किट’ या एका शब्दावर विसंबला तर तोही फसू शकतो.

बेल्टचा मार्ग तसा सोपा. खाली क्रँकचं दातेरी चाक, वर कॅमचं, वाटेत वॉटर पंप. या १.८ टर्बो इंजिनात बेल्ट फक्त एक्झॉस्टचा कॅम फिरवतो. इनटेकचा कॅम इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला एका आखूड चेनने त्याला जोडलेला आहे. बेल्ट ताणून धरायला टेन्शनर रोलर, त्या रोलरला रेटून धरणारा तेल भरलेला हायड्रॉलिक डॅम्पर, आणि इंजिनाच्या कोडप्रमाणे बेल्टला वळण देणारा एखादा छोटा आयडलर. दातेरी चाकं बेल्टच्या आतल्या बाजूला लागतात, रोलर बहुतेक वेळा गुळगुळीत पाठीला. काम एवढंच. पण क्रँक आणि कॅम यांच्यातला हिशेब एका दाताने जरी चुकला तरी इंजिन नीट चालत नाही, आणि जास्त दात सुटले तर पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडाच सापडतो. मग व्हॉल्व्ह वाकतात. वीसपैकी किती, हे नशिबावर. हेड उतरवण्याला पर्याय नाही.

मोटारीच्या इंजिनात बेल्ट आला त्याला आता साठ वर्षं झाली. बव्हेरियातल्या डिंगोल्फिंगच्या ग्लास या छोट्या कंपनीने १९६२च्या सुमारास आपल्या १००४ या गाडीत दातेरी रबरी बेल्टने कॅम फिरवला, आणि मोठ्या संख्येने बनलेल्या गाड्यांत तो पहिला मानला जातो. चेनपेक्षा स्वस्त, आवाज कमी, तेलाची गरज नाही. पुढे जगाने तो उचलला. आपल्या मारुती ८००च्या इंजिनातही बेल्टच होता. तेल नको, ही या बेल्टची खुबी आणि रोलरची अडचण. चेनवर इंजिनाचं तेल सतत उडत असतं. बेल्टचा रोलर मात्र कोरड्या डब्यात बसतो. कारखान्यात त्याच्या बेअरिंगमध्ये जे चमचाभर ग्रीस भरलं, तेवढ्यावर त्याने जन्म काढायचा असतो. रोलरचं आयुष्य म्हणजे त्या चमचाभर ग्रीसचं आयुष्य, हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं.

आधी तिसऱ्या गड्याचा प्रश्न घेऊ. गाडी ट्यून केली, टर्बोचा दाब वाढवला, दीडशेची दोनशे अश्वशक्ती केली. म्हणजे रोलरवर जास्त भार आला का?

जवळजवळ नाही. टर्बोचा दाब पिस्टनवर पडतो, पिस्टनकडून क्रँककडे जातो, क्रँककडून गिअरबॉक्सकडे. बेल्टच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही. बेल्टला फक्त कॅम आणि वॉटर पंप फिरवायचा असतो. कॅम फिरवायला किती जोर लागतो ते ठरतं व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवर, कॅमच्या उंचवट्यांवर आणि इंजिनाच्या फेऱ्यांवर. कडक स्प्रिंगा टाकल्या, तीव्र कॅम टाकला, सात हजारांपुढे इंजिन नेलं, तर बेल्टवरचे धक्के वाढतात. नुसता ईसीयू रीमॅप केला तर रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याला पत्ता लागतो तो उष्णतेचा. ट्यून केलेली गाडी जोरात चालवली जाते, टर्बो लाल होतो, बॉनेटखाली गरम हवा कोंडते, आणि गाडी बंद केल्यावर तर वाहती हवाही थांबते. इंजिन बंद झाल्यानंतरची ती दहा-वीस मिनिटं अशा गाडीच्या रबरावर आणि ग्रीसवर सर्वांत वाईट जातात.

आता थोडा आकड्यांचा हिशेब. समजा, क्रँकच्या चाकाला २२ दात आहेत आणि दोन दातांमधलं अंतर ८ मिलिमीटर. एका फेरीत बेल्ट १७६ मिलिमीटर सरकतो. साडेसहा हजार फेऱ्यांना तो सेकंदाला १९ मीटरने धावतो. वाटेतला ६० मिलिमीटर व्यासाचा रोलर तेव्हा मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फिरतो, आणि आयडलर ३० मिलिमीटरचा असेल तर बारा हजारांवर. म्हणून छोटा रोलर दिसायला निरुपद्रवी असला तरी आधी तोच ओरडतो.

रोलरवर भार किती, तेही भूमितीने सांगता येतं. बेल्ट रोलरवर ६० अंशांनी वळत असेल तर रोलरवरचा भार बेल्टच्या ताणाइतकाच असतो. बेल्ट पूर्ण उलटा फिरत असेल तर दुप्पट. आणि बॉल बेअरिंगच्या आयुष्याचा जगभर वापरला जाणारा नियम असा की भार वाढला तर आयुष्य त्याच्या घनाच्या प्रमाणात घटतं. बेल्ट पाव हिश्श्याने जास्त ताणला तर बेअरिंगचं आयुष्य निम्म्यावर येतं. दुप्पट ताणला तर आठव्या हिश्श्यावर. ‘जरा टाइट ठेव, म्हणजे दात सुटणार नाही’ असं म्हणणाऱ्याने बेअरिंगचं अर्धं आयुष्य पान्याच्या एका हिसक्यात उडवलेलं असतं.

पण त्याच नियमाने हिशेब उलटा करून पाहिला तर एक गंमत दिसते. एक लाख किलोमीटर, सरासरी ताशी ५० किलोमीटर, म्हणजे इंजिनाचे दोन हजार तास. सरासरी अडीच हजार फेऱ्या धरल्या तर तीस कोटी फेऱ्या. ६२०३ नावाचं एक अगदी साधं बेअरिंग आहे, आत १७ मिलिमीटर, बाहेर ४०, जाडी १२. पंख्यापासून पंपापर्यंत कुठेही सापडणारं. त्यालासुद्धा एवढ्या फेऱ्या काढायला सुमारे दीडशे किलोचा सततचा भार चालतो, तोही शंभरातली नव्वद बेअरिंगं टिकतील या हिशेबाने. योग्य ताणलेल्या टायमिंग बेल्टचा भार त्याच्या बराच खाली राहतो. म्हणजे पोलाद थकून रोलर जातो असं क्वचितच घडतं. तो जातो ग्रीस संपल्यामुळे.

ग्रीसचाही आपला नियम आहे. बेअरिंगवाल्या कंपन्या सांगतात की ७० अंश सेल्सिअसच्या वर दर १५ अंशांमागे ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं. ८५ला निम्मं, १००ला पाव, ११५ला आठवा हिस्सा. आता मुंबईतली आरएस डोळ्यांपुढे आणा. पश्चिम द्रुतगती मार्गावर ताशी वीसच्या सरासरीने ती एक लाख किलोमीटर गेली तर तिचे पाच हजार तास भरले, आणि त्यातले बरेचसे गरम, कोंडलेल्या हवेत, पंखा घरघरत असताना. तीच गाडी नागपूर-मुंबई अशी हायवेवर पळाली असती तर तिचे तास निम्म्याहून कमी भरले असते. मीटरवर दोघींचा आकडा एकच. म्हणून अमेरिकेतल्या काही पुस्तिकांत या इंजिनाच्या बेल्टसाठी एक लाख पाच हजार मैल लिहिलं आहे, याचा दाखला कुणी दिला तर ऐकून घ्यावं आणि आपल्या शहरातल्या गाडीचा बेल्ट किलोमीटरने साठ ते ऐंशी हजारांत किंवा पाच वर्षांत, जे आधी येईल तेव्हा, रोलर आणि पंपासकट बदलावा. अनेक जाणकार मेकॅनिक हाच ठोकताळा धरतात आणि मला तो उधळपट्टीचा वाटत नाही, शहाणपणाचा वाटतो.

मग टिकाऊ रोलर ओळखायचा कसा? त्याच्या आत पाहून. आणि आत पाहता येत नसेल तर ज्याने आतलं बनवलं त्याचं नाव पाहून.

जुना रोलर हातात घ्या, म्हणजे अंदाज येईल. बाहेरचं चाक पोलादाचं असतं किंवा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं. मधोमध बेअरिंग, त्याच्या दोन्ही तोंडांना काळी किंवा तपकिरी रबरी झाकणं. झाकणाच्या कडेला गंजाच्या रंगाची पूड दिसली तर आतलं ग्रीस कोरडं पडून पोलाद पोलादावर घासतंय. कडेला तेलकट, धूळ चिकटलेली रेघ दिसली तर ग्रीस पातळ होऊन बाहेर आलंय. पोलादाची कड निळसर झाली असेल तर तो तापून गेलाय, त्याच्याबद्दल चर्चाच नको. आता बेअरिंग दोन बोटांत धरून चाक फिरवा. इथे बहुतेक लोक उलटा निष्कर्ष काढतात. जो रोलर एका टिचकीत गरगर फिरत राहतो आणि हलका सळसळ आवाज करतो, तो ‘फ्री’ आहे म्हणून चांगला समजला जातो. खरं तर तो रिकामा आहे. नव्या रोलरला ग्रीसची जडशी ओढ असते. टिचकी मारली की तो आवाज न करता अर्धा-पाऊण वेढा फिरतो आणि थांबतो. मग चाकाची कड धरून हलवा. जरासुद्धा लुकलुक जाणवली तर तो टेबलावरच राहू द्या.

आत काय असावं? सील आधी. साधं नायट्राइल रबर १०० अंशांच्या आसपास थकतं. टर्बो गाडीच्या रोलरला त्याच्या वरच्या जातीचं, म्हणजे हायड्रोजनेटेड नायट्राइल किंवा फ्लुरोरबराचं सील असेल तर बरं. ग्रीस लिथियमच्या साबणाचं असेल तर साध्या गाडीला पुरतं. गरम जागी पॉलीयुरियाचं ग्रीस जास्त टिकतं, म्हणून जन्मभराच्या सीलबंद बेअरिंगमध्ये तेच जास्त दिसतं. बॉलना जागेवर धरणारा पिंजरा नायलॉनचा असेल तर १२० अंशांपर्यंत ठीक, त्यापुढे पोलादाचा बरा. आणि आतली फट. बेअरिंगवर सी-थ्री असा शिक्का असेल तर त्यात बॉल आणि कड्यांमधली मोकळी जागा नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवलेली असते. १७ मिलिमीटरच्या भोकाच्या बेअरिंगमध्ये नेहमीची फट ३ ते १८ मायक्रॉन, सी-थ्रीची ११ ते २५. आतलं कडं बाहेरच्यापेक्षा तापतं आणि फुगतं तेव्हा ही जास्तीची फट उपयोगी पडते.

इथे त्या निळ्या ॲल्युमिनियमच्या रोलरचा हिशेब मांडता येतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ४० मिलिमीटरचं पोलादी बेअरिंग ॲल्युमिनियमच्या चाकात दाबून बसवलं आणि तापमान २५वरून १०५ अंशांवर गेलं, तर दोघांच्या फुगण्यात सुमारे ३५ मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे पस्तीस मायक्रॉनची पकड सुटली. कारखान्यातल्या थंड हवेत घट्ट बसलेलं बेअरिंग घाटात तापलेल्या इंजिनात चाकाच्या आत घसरायला लागू शकतं. हे टाळायचं तर ते आधीच जास्त घट्ट दाबावं लागतं, आणि जास्त घट्ट दाबलं की थंडीत आतली फट चिरडली जाते. हुशार बनवणारे दोन्हीकडचा तोल सांभाळतात, बेअरिंगच्या बाजूला अडकण लावतात, सी-थ्री वापरतात आणि ते छापूनही सांगतात. जो फक्त रंग आणि ‘रेस’ असा शब्द छापतो, त्याने हा हिशेब केला असेल असं धरून चालू नये. असे रोलर पाहिले की मी पहिला प्रश्न विचारतो तो बेअरिंगवरचं नाव आणि नंबर. उत्तरादाखल शांतता मिळाली तर व्यवहार तिथेच संपतो.

नायलॉनच्या रोलरबद्दल मात्र आपल्याकडे उगाच गैरसमज आहे. ‘प्लास्टिकचा आहे, काढून टाका’ हे वाक्य कित्येक गॅरेजांत ऐकू येतं. काचतंतू घातलेलं नायलॉन हलकं असतं, बेल्टच्या पाठीवर आवाज कमी करतं, आणि इंजिन बनवणाऱ्या कंपनीने स्वतः ते निवडलं असेल तर त्याच्या चाचण्याही झालेल्या असतात. धोका दोन ठिकाणी. एक, बाजारातल्या नकली मालात तेच नायलॉन भलत्याच दर्जाचं असतं आणि उष्णतेने कडक होऊन तडकतं. दोन, वाळूसारखी धूळ बेल्टच्या झाकणात शिरली की नायलॉनच्या अंगावर खाच पडते. झाकण धड असेल आणि बनवणारा नावाजलेला असेल तर नायलॉन चालेल. दोन्ही पर्याय एकाच कंपनीचे मिळत असतील तर जोरात चालवायच्या गाडीत मी पोलादी घेईन, एवढंच.

याच इंजिनाच्या वॉटर पंपाची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. त्यातल्या काही पंपांची पाती प्लास्टिकची होती, आणि ती पाती उष्णतेने ठिसूळ होऊन दांड्यावरून सुटल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. बेल्ट फिरतो, पंपाची पुली फिरते, पाणी मात्र जागचं हलत नाही. म्हणून धातूच्या पात्यांचा पंप हा इथे हौसेचा खर्च नाही. शिवाय पंपाला स्वतःचं बेअरिंग आहे आणि ते याच बेल्टवर लटकलेलं आहे. रोलर नवे टाकून पंप जुना ठेवला तर साखळीतला सर्वांत जुना दुवा तसाच राहिला.

आता दुकानात चला. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअरच्या काउंटरवर गाडीचं नाव सांगितलं की पलीकडून पहिला प्रश्न येतो, “चेसिस नंबर आणलाय का मालक?” हा प्रश्न विचारणारा दुकानदार भला. १.८ टर्बो या एकाच नावाखाली आडव्या आणि उभ्या बसवणीची, वेगवेगळ्या कोडांची इंजिनं आहेत. पसाट आणि ऑडीतल्या उभ्या इंजिनाचा टेन्शनर ऑक्टाव्हियाच्या आडव्या इंजिनाला बसतोच असं नाही. “तीन किमतीत आहे. कुठला दाखवू?” हा दुसरा प्रश्न. मग तीन डबे पुढे येतात.

पहिला डबा गाडीच्या कंपनीचा. दुसरा रोलर बनवणाऱ्या कंपनीचा. तिसऱ्यावर जर्मन वाटणारं नाव, झेंड्यासारखे रंग, आणि ‘इम्पोर्टेड’. पहिला आणि दुसरा उघडून शेजारी ठेवले तर पुष्कळदा तोच रोलर दिसतो. एकावर गाडीच्या कंपनीचं चिन्ह कोरलेलं, दुसऱ्यावर तेच चिन्ह घासून काढलेलं, आणि त्या जागी धातू जरा चकाकतो. ही नकलेची खूण नाही. उलट बनवणारा एकच असल्याची ती खूण आहे: एका डब्यात गाडीवाल्याचं नाव विकत घेतलेलं असतं, दुसऱ्यात नाही. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांना अशा रोलरांचा मोठा पुरवठा जर्मनीतल्या हेर्झोगेनऑराखच्या आयएनए या कंपनीचा असतो. ती आता शेफलर गटात आहे आणि शेफलरचा एक कारखाना आपल्या तळेगावलाही आहे. स्वीडिश एसकेएफ चिंचवडला आहे. याचा अर्थ नाना पेठेतला डबा तळेगावात भरला असं नाही, पण या कंपन्यांचे अधिकृत वितरक शोधायला पुणेकराला फार लांब जावं लागत नाही, आणि डब्यावरचा कोड मोबाइलने तपासून घेण्याची सोयही आता आहे. ती वापरावी. नकली माल सगळ्यांत जास्त बनतो तो सगळ्यांत जास्त खपणाऱ्या नावांचाच.

पहिल्या दोन डब्यांत मी दुसरा उचलतो. तिसऱ्याला हात लावत नाही. हा सगळा निवाडा तीन ओळींचा आहे आणि त्यात फार खल करण्यासारखं काही नाही.

एक बारीक गोष्ट मात्र राहते, ती म्हणजे किटची. ‘किट’ म्हणजे एका डब्यात बेल्ट, रोलर, कधी पंप, कधी बोल्ट. पण डब्यावर मोठं नाव बेल्टवाल्याचं असतं, आणि रोलर त्याने बाहेरून घेतलेले असतात. बेल्ट उत्तम आणि रोलर अनोळखी, असं होऊ शकतं. म्हणून डबा काउंटरवरच उघडायचा आणि प्रत्येक रोलरवरचं कोरलेलं नाव वाचायचं. जपानी गाड्यांच्या मालकांनी ही सवय फार आधी लावून घेतली. सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या ईजे मालिकेतल्या इंजिनांच्या बेल्टवर इतके आयडलर आहेत की त्यातला एक दातेरीसुद्धा आहे. तिथले मालक किटचं नाव विचारत नाहीत, आत एनटीएन, कोयो की एनएसके ते विचारतात. तिथे आयसिनच्या किटला मान आहे तो आतल्या बेअरिंगांमुळे.

काही जण विचारतात, रोलर तोच ठेवून आतलं बेअरिंग बदललं तर? पोर्शे ९४४चे मालक हा प्रश्न फार विचारतात, कारण १९८२ ते १९९१ या काळातल्या त्या गाडीत कॅमचा बेल्ट वेगळा, बॅलन्स शाफ्टचा बेल्ट वेगळा, दोघांचे रोलर वेगळे आणि सुटे भाग महाग. बेअरिंग साध्या मापाचं असेल, प्रेसने चाकातून धड निघत असेल, चाकाच्या अंगावर खाच नसेल आणि बदलून टाकणाऱ्याला किती दाबाने बसवायचं हे कळत असेल, तर ते होतं. बेअरिंगच्या फक्त बाहेरच्या कड्यावर दाब द्यायचा, आतल्यावर दिला तर बॉलचे ठसे कड्यांवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. पण बऱ्याच आधुनिक रोलरांत बेअरिंगचं बाहेरचं कडंच चाकात मुरवलेलं असतं, किंवा दुहेरी रांगेचं खास मापाचं बेअरिंग असतं, जे बाजारात सुटं मिळत नाही. ऑक्टाव्हियासाठी नवे रोलर अजून सहज मिळतात. तिथे हा खटाटोप करू नये.

राहता राहिली बसवणी. उत्तम रोलर वाईट हाताने बसवला तर वर मांडलेले सगळे हिशेब फुकट. या इंजिनाचा डॅम्पर बाहेर काढल्यावर तो हळूहळू दाबावा लागतो आणि भोकं समोरासमोर आली की पिन घालून कुलूप लावावं लागतं. व्हाइसमध्ये घालून एका दमात आवळला तर आतलं सील जातं. बाहेरून काही दिसत नाही, पण पुढच्या काही महिन्यांत तेल झिरपतं आणि बेल्ट ढिला पडतो. डॅम्परच्या दांड्याभोवती ओल दिसली तर तो पुन्हा वापरू नये. या त्रासाला कंटाळून काही जण डॅम्पर काढून टाकतात आणि हाताने ताण लावायचा एक्सेंट्रिक रोलर बसवतात. रेसच्या गाडीत ते ठीक आहे. तिथे बेल्ट वारंवार पाहिला जातो. रोजच्या गाडीत मला ते पटत नाही. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. इंजिन तापलं की क्रँक आणि कॅम यांच्यातलं अंतर वाढतं आणि बेल्ट आपोआप ताणला जातो. डॅम्पर ते सांभाळून घेतो. हाताने लावलेला ताण सांभाळत नाही, आणि त्या ताणाचा घन बेअरिंगला भोगावा लागतो. जुने मेकॅनिक थंड इंजिनावर बेल्टची लांब बाजू अंगठा आणि तर्जनीत धरून नव्वद अंश फिरवून पाहायचे, तेवढी फिरली तर ताण बरोबर. हाताने ताणायच्या बेल्टसाठी ती खूण अजून उपयोगी आहे. डॅम्परवाल्या इंजिनात तिचा उपयोग नाही.

बोल्ट नवे वापरा. इंजिन माउंटचे काही बोल्ट एकदा आवळले की कायमचे ताणले जातात, ते पुन्हा घालायचे नसतात. रोलरचा बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. कमी आवळला तर आतलं कडं दांड्यावर डुलतं, आणि उत्तमातलं उत्तम बेअरिंगही तिथे हरतं. कॅम आणि क्रँकच्या ऑइल सीलमधून ओल दिसत असेल तर झाकण उघडं आहे तोवर तीही बदला, कारण तेल बेल्टला आणि रोलरच्या रबरी झाकणांना सारखंच खातं. सगळं बसल्यावर इंजिन पान्याने, हाताने, पूर्ण दोन वेढे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहा. स्टार्टर मारून पाहणं म्हणजे पाहणं नव्हे. कुठे अडलं तर हाताला कळतं, स्टार्टरला कळत नाही.

मग इंजिन चालू करून झाकणाजवळ कान द्या. बारीक शिट्टीसारखा आवाज, जो फेऱ्यांबरोबर चढतो, तो बहुतेक जास्त ताणाचा. थंड असताना घरघर आणि गरम झाल्यावर शांतता, हा कोरड्या बेअरिंगचा. पहिल्या प्रकारात ताण तपासा, दुसऱ्यात रोलर परत करा, कारण नवा रोलर पहिल्या दिवशी बोलत असेल तर तो गोदामात वर्षानुवर्षं पडून ग्रीस सुकलेला असू शकतो. डब्यावर बनवल्याची तारीख असते, ती घेतानाच पाहिलेली बरी.

काम झालं की गॅरेजमधून जुने रोलर, जुना बेल्ट आणि जुना पंप मागून घ्या. मेकॅनिकचा अपमान होत नाही, चांगला मेकॅनिक ते स्वतःच डिकीत ठेवतो. घरी रोलर फिरवून पाहा, त्यांच्यावरचं नाव वाचा, नव्या रोलरांची नावं आणि नंबर, तारीख आणि मीटरचा आकडा एका स्टिकरवर लिहून बॉनेटखाली चिकटवा. गाडीचा पुढचा मालक कदाचित तुम्हीच नसाल, आणि सर्व्हिस बुक तर हरवतंच.